पोथीतली, लावणीतली, दप्तरातली: अठराव्या शतकातली मराठी बाई कशी वाचावी

१७०० साली ताराबाईंनी मराठी राज्याचा कारभार हाती घेतला आणि १७९५ च्या ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर महेश्वरला वारल्या. मधल्या ९५ वर्षांत बायकांनी गाद्या सांभाळल्या, तोफखाने हलवले, दत्तक घेतले, पेशव्यांशी उघड वैर धरलं. त्याच वर्षांत बायकांची खरेदी-विक्री होत होती, आणि ब्राह्मण घरांत कोवळ्या वयात नवरा गेलेल्या मुलींचं केशवपन होत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 'पेशवाईत बायकांना मान होता की नव्हता' हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे. कोणती बाई, कोणत्या जातीची, सवाष्ण की विधवा, आणि तिच्या नावावर काही उत्पन्न होतं का, एवढं विचारलं की उत्तरं मिळू लागतात.

अडचण अशी की या काळाची माहिती तीन अगदी वेगळ्या ठिकाणांहून येते. एक पोथी आणि कीर्तन, दुसरी लावणी, तिसरं मोडीतलं दप्तर. पोथीतली बाई पतिव्रता असते, लावणीतली विरहिणी, आणि दप्तरातली बाई बहुतेक वेळा कशासाठी तरी भांडत असते. या तिघींची सरमिसळ केली की खोटं चित्र तयार होतं. दप्तरापासून सुरुवात करू, कारण तिथं तारखा आहेत.

पत्र हातात आलं तर

पेशवे दफ्तर पुण्यात रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. राजवाडे, खरे, पारसनीस या इतिहाससंशोधकांनी छापलेली साधनं वेगळी. या छापील खंडांत बायकांची आणि बायकांना लिहिलेली पत्रं भरपूर आहेत, आणि मोडी येत नसली तरी ती वाचता येतात. फक्त तीन जागी पाय घसरतो.

पहिली जागा मायना. पत्राच्या पहिल्याच ओळीत त्या बाईची स्थिती सांगितलेली असते. 'वज्रचुडेमंडित' किंवा 'सौभाग्यवती' असेल तर नवरा हयात आहे. 'गंगाभागीरथी' असेल तर ती विधवा आहे. 'गंगाजलनिर्मल मातोश्री' हे वडीलधाऱ्या, बहुधा विधवा बाईला. पुरुषाच्या मायन्यात त्याची बायको जिवंत आहे की नाही हे कधीच कळत नाही. बाईच्या मायन्यात नवऱ्याचं असणं-नसणं कळल्याशिवाय पत्र सुरूच होत नाही. समाजव्यवस्था समजायला ही एक ओळ पुष्कळ आहे.

दुसरी जागा तारीख. पत्राच्या शेवटी 'छ' हे अक्षर आणि पुढे मुसलमानी महिना असतो; 'छ' म्हणजे चंद्र, त्या चांद्रमासाची तारीख. वर्ष 'सुरूसन'मध्ये, तेही अरबी आकड्यांच्या मराठी उच्चारात. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. यात ५९९ मिळवले की १७७१ येतं. पण हे वर्ष मृगाला, म्हणजे मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला बदलतं. जानेवारी ते मे या महिन्यांतलं पत्र असेल तर ६०० मिळवायचे. हा एका वर्षाचा फरक विसरला की घटनांचा क्रम उलटा लागतो, आणि एखाद्या बाईने नवऱ्याच्या मृत्यूनंतर केलेली गोष्ट त्याच्या हयातीत केली असं दिसू लागतं.

तिसरी जागा सगळ्यात नाजूक: पत्र बाईचं आहे म्हणजे ते तिनं स्वतः लिहिलं का? बहुतेक पत्रं कारकुनाच्या हातची. सरदारांचीही तशीच, त्यामुळे बाईची पत्रं कारकुनानं लिहिली म्हणून ती निरक्षर होती असं ठरत नाही. मोठ्या घरांतल्या मुलींना वाचता येई, पुष्कळींना लिहिताही येई, हिशेब कळत असे. मजकुराचा सूर पाहावा. ठरावीक विनंतीची भाषा संपून जिथं घरातली नावं, रागलोभ, 'हे असं करा, ते तसं करू नका' असं नेमकं बोलणं सुरू होतं, तिथं मजकूर सांगणारी बाई ऐकू येते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई म्हातारपणी नाशिकजवळ गंगापूरला राहत. तिथून त्यांनी नातू सवाई माधवरावाला दिनक्रम आणि वागणूक कशी ठेवावी हे कलमवार लिहून कळवलं. ते वाचताना लिहिणारं माणूस कोण, हे विचारावं लागत नाही. राज्यकारभार अगदी जवळून पाहिलेली, तीन मुलगे गमावलेली आजी तिथं बोलते.

विधवेच्या हाती सत्ता कशी येई

या शतकातल्या कर्तबगार मराठी स्त्रियांची यादी काढली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ताराबाई, उमाबाई दाभाडे, कोल्हापूरच्या जिजाबाई, इचलकरंजीच्या अनुबाई घोरपडे, अहिल्याबाई: कारभार हाती आला तेव्हा सगळ्या विधवा होत्या. हा योगायोग नाही. धर्मानं विधवेला घराच्या कोपऱ्यात ढकललं, पण वतन आणि सरंजाम यांच्या कायद्यानं तिलाच दाराशी उभं केलं.

हे कसं घडे ते पाहा. सरंजाम म्हणजे फौज ठेवण्यासाठी लावून दिलेला मुलूख. सरदार मेला आणि मुलगा अज्ञान, म्हणजे वयानं लहान असला तर सरंजाम सरकारजमा होण्याचा धोका. तो टाळायला ताबडतोब कुणीतरी उभं राहून 'घराणं चालू आहे' असं दाखवावं लागे. मुलाची आई हा त्यातला सगळ्यात स्वाभाविक माणूस. मुलगाच नसेल तर दत्तक. महाराष्ट्रात चालणाऱ्या धर्मशास्त्रात, म्हणजे मिताक्षरा आणि नीलकंठाचा 'व्यवहारमयूख' यांच्या परंपरेत, विधवेला दत्तक घेण्याची बरीच मोकळीक होती. पण सरंजामी घराण्यात शास्त्र पुरेसं नव्हतं. पेशव्यांची मंजुरी लागे आणि तिच्यासाठी नजर, म्हणजे नजराण्याची रक्कम, भरावी लागे. इथं खरी झोंबाझोंबी होई, कारण दत्तक कोण यावर पुढची पंचवीस-तीस वर्षं कारभार कुणाचा हे ठरे.

कोल्हापूरचं उदाहरण यात सगळ्यात स्वच्छ आहे. १७६० च्या अखेरीस तिथले राजे संभाजी (दुसरे) निपुत्रिक वारले. कोल्हापूरची गादी साताऱ्यात विलीन करण्याची पेशव्यांना ही चालून आलेली संधी होती. राणी जिजाबाईंनी सवत कुसाबाई गरोदर असल्याचं जाहीर करून जप्ती थोपवली आणि १७६२ मध्ये दत्तक घेऊन १७७३ पर्यंत स्वतः राज्य केलं. अकरा-बारा वर्षांनी असाच पेच खुद्द पेशव्यांच्या घरात पडला. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना पुरंदरावर नेलं, त्यांच्या नावानं कारभार चालवला, आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. राज्य एका बाईच्या पोटातल्या मुलावर उभं होतं, पण निर्णय तिचे नव्हते. जिजाबाई आणि गंगाबाई यांच्यातला फरक इथं आहे: शिक्का कुणाच्या हातात, आणि फौजेचा पगार कोण देतं.

ताराबाईंचं आयुष्य या बाबतीत एखाद्या पाठ्यपुस्तकाइतकं उपयोगी आहे. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, मुलगा जेमतेम चार वर्षांचा. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी लढा चालवला. १७०७ मध्ये शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि सरदार पटापट तिकडे गेले. कारण साधं होतं. ताराबाईंचा अधिकार मुलाच्या हक्कातून आलेला होता, आणि शाहूंचा हक्क वरचा ठरला की तो पायाच निसटत होता. १७१४ मध्ये कोल्हापुरात त्यांच्याच सवतीनं, राजसबाईंनी, आपल्या मुलाला गादीवर बसवून त्यांना कैदेत टाकलं. आईच्या नात्यानं आलेली सत्ता दुसऱ्या आईनं काढून घेतली. शाहूंच्या निधनानंतर त्या पुन्हा उठल्या, रामराजाला नातू म्हणून पुढे आणलं आणि तो ऐकेना तेव्हा नोव्हेंबर १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यात त्याला कैद केलं. पुढे तो आपला नातू नाहीच, असं शपथेवर सांगितलं. वय पंच्याहत्तर. त्यांना केवळ हट्टी म्हातारी म्हणून रंगवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ज्याच्या नावावर राज्य करता येईल असा पुरुष हातात ठेवणं हा त्या व्यवस्थेत बाईला उपलब्ध असलेला एकमेव सनदशीर मार्ग होता.

उमाबाई दाभाडे यांची लढाई पैशाची होती. नवरा खंडेराव सेनापती १७२९ मध्ये गेले, मुलगा त्र्यंबकराव १ एप्रिल १७३१ ला डभोईच्या लढाईत बाजीरावाच्या फौजेकडून मारला गेला. गुजरातच्या वसुलीतला निम्मा वाटा पेशव्यांना देण्याचा करार त्यांनी वर्षानुवर्षं मोडला. नानासाहेबांना भेटून माफी मागितली, मिळाली नाही, मग त्या ताराबाईंच्या बाजूला गेल्या. दाभाड्यांचा सरदार दमाजी गायकवाड याचा पराभव झाला, दाभाडे कुटुंब कैदेत गेलं, आणि १७५३ मध्ये उमाबाई वारल्या. वसुली गायकवाडांच्या हातून होत होती, दाभाड्यांचं नाव वर होतं. ज्याच्या हातात रोजची वसुली तो शेवटी मोठा झाला.

अहिल्याबाईंचं वेगळेपण: खासगी

अहिल्याबाई का टिकल्या, याचं उत्तर लोक पुण्याईत शोधतात. ते हिशेबातही आहे. होळकरांच्या कारभारात 'दौलत' आणि 'खासगी' अशा दोन तिजोऱ्या होत्या. दौलत म्हणजे फौजेचा सरंजाम, तिच्यावर पेशव्यांचा डोळा. खासगी मात्र बाजीरावानं १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे लावून दिलेली, वर्षाला सुमारे ३ लाख रुपये उत्पन्नाची जहागीर. ती घरातल्या मुख्य स्त्रीची. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी देवळं, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली ती या खासगीतून. म्हणजे फौजेचा पगार थकला म्हणून घाट थांबला, किंवा घाट बांधला म्हणून पगार थकला, असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

दुसरं कारण शिक्षण. पुस्तकी नव्हे, कारभारातलं. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारला गेला, मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, आणि पुढची बारा वर्षं तिला कामाला लावलं. १७६५ च्या एका पत्रात ते तिला कळवतात, की चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तिथं चार-पाच दिवस थांब, मोठा तोफखाना जवळ ठेव आणि जमेल तितका दारूगोळा गोळा कर. हा मजकूर देवपूजेत वेळ घालवणाऱ्या सुनेला लिहिलेला नाही. मल्हारराव १७६६ मध्ये, मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड राघोबादादांना घेऊन दौलत बळकवायला आला तेव्हा हिशेब, माणसं आणि तोफा कुठं आहेत हे अहिल्याबाईंना पाठ होतं. त्यांनी फौजेची सरदारकी तुकोजी होळकरांकडे सोपवली आणि खजिना स्वतःकडे ठेवला. या वाटणीचा त्रास त्यांना आयुष्यभर झाला. मोहिमेवरून तुकोजी पैसे मागत राहत आणि त्या हिशेब मागत राहत. पण याच वाटणीनं त्यांना २८ वर्षं टिकवलं.

सतीबद्दल थोडक्यात. थेऊरला नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवरावांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, १७९१ मध्ये अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई गेली, आईची विनवणी न ऐकता. १७४९ मध्ये शाहूंच्या राणी सकवारबाई सती गेल्या. त्यांना राजकारणातून दूर करण्यासाठी भरीस घातलं गेलं असा आरोप पेशव्यांवर तेव्हापासून आहे. ही नावं लक्षात राहतात कारण ती मोठ्या घरांतली आहेत. बहुसंख्य विधवा जगत, आणि त्यांचं जगणं हाच मोठा प्रश्न होता.

वाड्याबाहेरची बाई

ब्राह्मण विधवेला पुनर्विवाह नाही, केशवपन, एक वेळचं जेवण. एकत्र कुटुंबात तिचा हक्क 'अन्नवस्त्रा'पुरता. कुटुंब विभक्त झालेलं असेल तर नवऱ्याचा वाटा तिच्याकडे येऊ शके, म्हणून दिराचा सगळा प्रयत्न असा, की वाटणी कधी झालीच नव्हती हे सिद्ध करायचं. निवाड्यांत हा वाद पुन्हा पुन्हा दिसतो. बाई आपला 'करीना' म्हणजे हकिगत लिहून देते, दोन्ही पक्ष निकाल मान्य असल्याचा राजीनामा देतात, गोत म्हणजे गावची सभा जमते, साक्षी होतात आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जातो. महजरावर बाईची बाजू असली तरी साक्षी पुरुषांच्या. तरीही पुष्कळ बायका सरकारपर्यंत गेल्या आणि हक्क घेऊन परतल्या, हेही त्याच कागदांत आहे. चोळीबांगडीसाठी लावून दिलेली जमीन किंवा गाव हा आणखी एक आधार. ते उत्पन्न त्या बाईचं म्हणून लिहिलेलं असे आणि त्यावर हात टाकणाऱ्या भाऊबंदांविरुद्ध दाद मागता येई.

मराठा, कुणबी, माळी, धनगर आणि इतर अनेक जातींत चित्र निराळं. तिथं पाट लागे. विधवा किंवा सोडचिठ्ठी मिळालेली बाई दुसरं घर करू शके. त्याला लग्नाचा थाट नव्हता, आणि त्यावर 'पाटदाम' नावाची पट्टी होती. ज्या गोष्टीवर सरकार पट्टी बसवतं ती गोष्ट समाजात उघड आणि नेहमीची असते, एवढा निष्कर्ष निःशंक काढता येतो. पाटात काय बिघडे? पहिल्या नवऱ्याची मुलं त्याच्या घरी राहत, आई दुसरीकडे जाई. दागिने कुणाचे यावर भांडण होई. आणि वर चढू पाहणारी घराणी पाट बंद करत, कारण पाट नसणं ही उच्च कुळाची खूण मानली जाई. प्रतिष्ठा वाढली की बाईची मोकळीक घटे, हा नियम या शतकात गावोगाव लागू पडतो.

पेशवे सरकार स्वतःही यात हात घालत असे. ब्राह्मणांनी मुलीचे पैसे घेऊन लग्न लावू नये असे हुकूम निघाले, कन्याविक्रय करणाऱ्यांना दंड झाले. बायकांच्या वर्तनावरही कोतवाल आणि कमाविसदार (सरकारी वसुली अधिकारी) नजर ठेवत. 'शिंदळकी'चा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप शाबीत झाला की दंड होई, आणि दंड भरायला कुणी नसेल तर त्या बाईला गुलाम करत.

इथं कुणबिणींकडे वळावं लागतं. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको असा अर्थ लावून पुष्कळ वाचक फसतात. दप्तरात ती गुलाम स्त्री असते. मोहिमेत धरलेल्या, दुष्काळात आईबापांनी विकलेल्या, शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या, किंवा कुणबिणीच्या पोटी जन्मलेल्या अशा त्या चार वाटांनी येत. किंमत वयावर, प्रकृतीवर आणि रूपावर ठरे; खरेदीवर सरकारी कर असे. सरकारी कुणबिणी कोठी, मुदपाकखाना (स्वयंपाकघर), पीलखाना (हत्तीखाना), थट्टी (गोठा) अशा कारखान्यांवर वाटलेल्या असत: दळण, झाडलोट, शेण, पाणी. बदल्यात रोजचा शिधा आणि वर्षाचं कापड. पळून गेली तर तिला शोधून आणण्याची पत्रं सुटत. तिचं मूल मालकाचं. मरायला टेकली किंवा म्हातारी झाली की कधी कधी सोडून देत, आणि त्याची नोंद पुण्यकर्म म्हणून होई. पेशवाईतल्या स्त्रीजीवनावरचा जो लेख कुणबिणींशिवाय पूर्ण होतो, तो अर्धाच आहे. वाड्यातल्या बायकांना पत्रं सांगायला आणि पुराण ऐकायला फुरसत होती ती या बायका दळत होत्या म्हणून.

ऐकण्याचं साहित्य

देवनागरीत मराठी पुस्तकं छापली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी साहित्य म्हणजे हस्तलिखित पोथी, आणि पोथी म्हणजे कुणीतरी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणून अक्षरओळख नसलेली बाई साहित्याबाहेर नव्हती. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ देवळात, ओसरीवर, चातुर्मासात वाचले जात. श्रोत्यांत बायका मोठ्या संख्येनं असत आणि कवीला ते ठाऊक होतं. 'शिवलीलामृता'तली सीमंतिनीची कथा पाहा. नवरा यमुनेत बुडाला तरी ती व्रत सोडत नाही आणि तो परत येतो. ज्या समाजात मुलीचा नवरा तिच्या दहाव्या-बाराव्या वर्षी जाऊ शकतो, तिथं ही कथा ऐकणाऱ्या बायकांच्या मनात काय होत असेल याचा विचार करून ती वाचावी. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये स्वतः मरेपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही; बावीस वर्षं त्या वाट पाहत राहिल्या.

मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीकर नाईकांच्या पदरी पुराणिक होते. नाईकांच्या घरात बाजीरावांची बहीण भिऊबाई सून होती. आर्या या वृत्ताचा कवी सरदारांच्या वाड्यात कुणासमोर वाचत होता, हे यावरून कळतं. त्यांनी अहिल्याबाईंवर स्तुतिपर आर्याही रचल्या, आणि तिथं जिवंत, राज्य करणारी बाई पुराणातल्या चौकटीत बसवताना कवीची जी धडपड होते ती पाहण्यासारखी आहे. ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तविजय' (१७६२) लिहून जनाबाई, कान्होपात्रा, मीराबाई यांच्या कथा घराघरांत पोचवल्या. पण नीट पाहिलं तर या सगळ्या आधीच्या शतकांतल्या. संत बहिणाबाई १७०० मध्ये गेल्या, आणि तिच्यानंतर अठराव्या शतकात तिच्या तोडीची मराठी संतकवयित्री दिसत नाही. बायकांबद्दल लिहिणारे वाढले आणि लिहिणाऱ्या बायका मागे पडल्या.

मराठी राजांच्या तंजावरला मात्र एक विलक्षण जोडी दिसते. तिथल्या भोसल्यांच्या दरबारातल्या त्र्यंबकयज्व्यानं संस्कृतात 'स्त्रीधर्मपद्धती' लिहिली: पहाटे उठण्यापासून नवरा निजेपर्यंत बाईनं काय करायचं त्याचे नियम. आणि काही वर्षांतच, प्रतापसिंहराजांच्या कारकिर्दीत (१७३९ ते १७६३), त्याच दरबारातल्या मुद्दुपळणी या गणिकेनं तेलुगूत 'राधिकासांत्वनमु' रचलं. त्यात राधा स्वतःची वासना आणि राग स्वतः बोलते. गणिका असल्यामुळेच ती शिकली, मालमत्ता बाळगू शकली, आणि आपल्या आजीचं नाव अभिमानानं काव्यात लिहू शकली. एका दरबारात दोन पुस्तकं. नियम ज्यांना लागू होते त्यांना लेखणी नव्हती. १९१० मध्ये बंगळूर नागरत्नम्मा यांनी ते काव्य पुन्हा छापलं, तर इंग्रज सरकारनं अश्लील म्हणून बंदी घातली. ती १९४७ मध्ये उठली.

लावणीतली ती

लावणीत बाई स्वतः बोलते असं वाटतं, म्हणून इथं फसगत सगळ्यात जास्त. अनंत फंदी, राम जोशी, परशराम, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ: शाहीर सगळे पुरुष. फडावर नाचणारी बहुतेक वेळा 'नाच्या पोऱ्या', म्हणजे लुगडं नेसलेला मुलगा. ऐकणारे शिपाई, कारकून, सरदार. पुरुषानं लिहिलेली, पुरुषानं नाचलेली, पुरुषांसाठीची बाई ती.

पण म्हणून लावणी पुरावा नाही असं नाही. तिच्यातला विरह कॅलेंडरला धरून आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की फौजा मुलूखगिरीवर निघत, पावसाच्या तोंडाशी परतत. उत्तरेकडच्या मोहिमा तर दोन-तीन वर्षं चालत. गावोगावची तरुण माणसं एकदम बाहेर. घरी शेत, सासू, सावकार आणि ती. लावणीतली 'सजणा, कधी येशील' ही आर्जवं, मूल नसल्याची खंत, सवतीची भीती, ऋतूंची मोजदाद, हे सगळं या मुलूखगिरीच्या अर्थव्यवस्थेतून आलेलं आहे. लावणी वाचताना भावना शाहिराची धरावी आणि परिस्थिती खरी धरावी.

राहिली बाईची स्वतःची कविता, जात्यावरची ओवी. ती हजारोंनी उपलब्ध आहे, पण संग्रह विसाव्या शतकातले. एखादी ओवी अठराव्या शतकातली आहे असं छातीठोक सांगणारा लेख दिसला तर सावध व्हावं. ओवी तोंडोतोंडी बदलते; तिच्यात रेल्वे येते, चहा येतो, आणि चाल तीच राहते. जुनं नाव आलं म्हणून ओवी जुनी ठरत नाही.

मग त्या काळी बायका ओव्या गात होत्या याला लेखी आधार काय? तो गोव्यातून मिळतो, तोही गाणं बंद करायला निघालेल्या लोकांकडून. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयानं, एक लांबलचक आज्ञापत्र काढलं. ख्रिस्ती झालेल्या घरांनी लग्नकार्यात कोणत्या जुन्या चाली पाळायच्या नाहीत त्याची ती यादी होती, आणि हळद, विडे, जेवणावळी यांच्याबरोबर लग्नात गायल्या जाणाऱ्या ओव्याही तिच्यात होत्या.